प्रवरेच्या खोऱ्यातील ओसाड वसाहती : दायमाबादचे उत्खनन आणि वसाहतत्यागाचा प्रश्न

१. भूमी आणि प्रश्न

प्रवरा नदीचा उगम सह्याद्रीच्या मुख्य रांगेत, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात होतो. उगमापासून थोड्याच अंतरावर भंडारदरा आहे. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नदी पूर्वेस वळून अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या तालुक्यांतून वाहू लागते, तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो. नेवाशाच्या आसपास तो वर्षाला पाचशे ते सहाशे मिलिमीटर इतकाच उरतो, आणि तोही बेभरवशाचा. सुमारे दोनशे किलोमीटरांच्या या प्रवासात एकच नदी महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या प्रदेशातून त्याच्या अवर्षणप्रवण प्रदेशात येते. प्रवरेच्या खोऱ्याचा प्राचीन इतिहास समजून घेताना ही भौगोलिक विसंगती सतत ध्यानात ठेवावी लागते.

पर्जन्यछायेतील हा प्रदेश वाळवंट नव्हे. तथापि शुष्क प्रदेशातील प्राचीन वसाहतींच्या उत्खननातून जे प्रश्न उपस्थित होतात, तेच प्रश्न येथेही उभे राहतात. हेलमंद नदीच्या काठचे शहर-इ-सोख्ता असो, किंवा राजस्थानात घग्गरच्या कोरड्या पात्राकाठचे कालीबंगन असो, तेथील संशोधकांसमोर मुख्य कोडे एकच होते : शतकानुशतके नांदलेली वस्ती माणसांनी का सोडली? कालीबंगनच्या बाबतीत जलतज्ज्ञ रॉबर्ट राइक्स यांनी १९६८ साली नदीच्या पाण्यातील बदलास कारण मानले. प्रवरेचे पात्र मात्र तसे कोरडे पडले नाही. तरीही तिच्या काठची दायमाबाद ही मोठी ताम्रपाषाणयुगीन वसाहत इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडली, आणि नेवासे येथील वस्तीचीही गती तीच झाली. नदी असताना वस्ती का मोडली, हा या निबंधाचा विषय होय.

२. काळी आणि पांढरी

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही शब्दांची जोडी फार जुनी आहे. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्पिढ्या कोसळलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण, हाडे व केरकचरा यांच्या मिश्रणाने वस्तीखालची माती फिकट राखी होते, व आजूबाजूच्या काळ्या रानात ती दुरूनही वेगळी दिसते. म्हणून दख्खनमधील पुरातत्त्वज्ञ गावात शिरताच प्रथम ‘पांढरी कोठे आहे’ असे विचारतो. दप्तरातील ‘बेचिराख’ हा शब्दही तितकाच उपयोगी आहे. ज्या गावाच्या नावाने शिवार आहे, पण दिवा लावण्यास माणूस नाही, ते गाव बेचिराख.

दायमाबाद हे अशा बेचिराख गावांपैकीच एक आहे. त्याच्या नावाची ‘दायम’ आणि ‘आबाद’ अशी फोड केल्यास ‘कायम वस्तीचे’ असा अर्थ निघतो. ज्या जागेच्या पोटात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी उजाड झालेली वसाहत आहे आणि जिच्या पाठीवरील मध्ययुगीन वा उत्तरकालीन गावही टिकले नाही, त्या जागेस हे नाव मिळावे, हा योगायोग वसाहतींच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास बोलका वाटेल.

३. संशोधनाची वाटचाल

प्रवरेच्या खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगाच्या संशोधनाचा आरंभ संगमनेरजवळील जोर्वे या लहानशा गावापासून झाला. १९५०–५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकबरोबर जोर्वे येथे उत्खनन केले. तांबड्या अथवा नारिंगी अंगावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेली, चाकावर घडविलेली, पक्की भाजलेली व वाजवली असता खणखणणारी मृद्भांडी तेथे मिळाली. लांब तोटीचे भांडे आणि कंगोरेदार वाडगा हे या भांड्यांतील ओळखीचे प्रकार. पुढे अशी खापरे जेथे जेथे सापडली, तेथे तेथे या संस्कृतीस ‘जोर्वे’ हेच नाव देण्यात आले. एका आडगावाचे नाव अशा रीतीने भारतीय प्रागितिहासाच्या परिभाषेत रूढ झाले.

त्यानंतर १९५४–५६ मध्ये नेवासे येथे विस्तृत उत्खनन झाले. ज्ञानेश्वरीमुळे मराठी मनास परिचित असलेल्या या स्थळी अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष हाती आले. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरांत घराच्या जमिनीखाली पुरलेली बालकांची दफने मोठ्या संख्येने मिळाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मृत बालक ठेवायचे, ही त्या दफनांची रीत. विशेष म्हणजे येथील जोर्वे थर व त्यावरील आद्य ऐतिहासिक, म्हणजे सातवाहनकालाशी निगडित थर, यांमध्ये दीर्घ खंड आढळला. कित्येक शतके नेवाशास वस्ती नव्हती.

दायमाबादचा शोध १९५८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बा. प. बोपर्डीकर यांनी लावला. स्थळ श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. तेथे तीन वेळा उत्खनन झाले : १९५८–५९ मध्ये म. न. देशपांडे यांच्या, १९७४–७५ मध्ये शि. रं. राव यांच्या, आणि १९७५–७६ पासून १९७८–७९ पर्यंत सां. अ. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली. साळी यांचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्थळाच्या कालानुक्रमाचा आजही तोच मुख्य आधार आहे.

४. दायमाबादचे पाच थर

साळी यांनी दायमाबाद येथे पाच सांस्कृतिक कालखंड निश्चित केले. त्यांतील पहिला सावळदा संस्कृतीचा. तापीच्या काठच्या सावळदा या स्थळावरून तिला हे नाव मिळाले. इ. स. पू. २३००–२२०० च्या सुमारास शेतकऱ्यांचा एक समूह प्रवरेकाठी येऊन मातीची घरे बांधून राहू लागला. गहू, जव, मसूर, वाटाणा, मूग, उडीद अशी धान्ये-कडधान्ये तो पिकवीत असे. यांतील गहू, जव व मसूर ही रब्बीची पिके आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत टिकून राहिलेल्या ओलीवर ही पिके येतात. ओल कमी पडली की त्यांना वरून पाणी द्यावे लागते.

दुसरा कालखंड उत्तर हडप्पा संस्कृतीचा आहे, व त्यानेच दायमाबादला अखिल भारतीय महत्त्व दिले. ४ : २ : १ अशा प्रमाणाच्या कच्च्या विटा, त्या विटांनी बांधून काढलेली दफनाची जागा, सिंधुलिपीतील चिन्हे असलेल्या भाजलेल्या मातीच्या दोन गोल मुद्रा आणि तशाच चिन्हांची काही खापरे या थरांत मिळाली. हडप्पा परंपरेचा प्रसार गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता, याचा हा पुरावा होय. सिंधु व सरस्वती-घग्गरच्या प्रदेशातील नगरे मोडत असता त्यांतील काही परंपरा दक्षिणेकडे सरकल्या, हे यावरून दिसते. एका ठिकाणचा वसाहतत्याग दुसऱ्या ठिकाणच्या वसाहतीचा आरंभ ठरू शकतो.

तिसऱ्या कालखंडास स्थळाच्याच नावाने ‘दायमाबाद संस्कृती’ म्हणतात (सुमारे इ. स. पू. १८००–१६००). पिवळसर पांढुरक्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी हे तिचे लक्षण; तांबे वितळविण्याच्या भट्टीचा भागही या थरांत मिळाला. चौथा कालखंड माळवा संस्कृतीचा (सुमारे इ. स. पू. १६००–१४००) व पाचवा जोर्वे संस्कृतीचा (सुमारे इ. स. पू. १४००–१०००). माळवा काळात प्रशस्त मातीची घरे दिसतात. काही रचनांचा उपयोग धार्मिक विधींसाठी होत असावा असे उत्खननकर्त्यांनी मानले. या काळातील १६ व जोर्वे काळातील ४८ दफने उजेडात आली.

जोर्वे काळात दायमाबाद सुमारे २० हेक्टरांवर पसरले होते. या काळातील पंचवीस घरांची नोंद झाली असून त्यांत सापडलेल्या साधनांवरून कुंभार, मणिकार, चुना भाजणारा अशा व्यावसायिकांची घरे ओळखता आली. वस्तीभोवती मातीचा तट व बुरूज असल्याच्या खुणाही मिळाल्या. घोडा जुंपलेल्या गाडीचे चित्रण असलेली मातीची दंडगोल मुद्रा याच थरातील. कारागिरीची विभागणी, तट, आणि आजूबाजूच्या लहान वसाहतींच्या मानाने फार मोठा विस्तार यांवरून दायमाबाद हे खोऱ्यातील प्रमुख केंद्र असावे, असा निष्कर्ष निघतो. म्हणूनच त्याचे ओसाड पडणे ही एका खेड्याची हकीकत राहत नाही. एका संपूर्ण व्यवस्थेचा तो शेवट ठरतो.

५. ब्राँझ शिल्पे : पुराव्याविषयी एक सावधगिरी

१९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्यास दायमाबाद येथे ब्राँझची चार भरीव शिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. घडणीचा दर्जा आणि धातूचे प्रमाण पाहता भारतीय प्रागितिहासात त्यांना जोड नाही.

परंतु ही शिल्पे शास्त्रीय उत्खननात, विशिष्ट थरात मिळालेली नाहीत. देशपांडे, राव, साळी व धवळीकर या विद्वानांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डॉ. धर्मपाल अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणाकडे लक्ष वेधले. या शिल्पांत सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत अशी मिश्रणपद्धती आढळत नाही. म्हणून ती ऐतिहासिक काळातील असण्याची शक्यता त्यांनी मांडली. दायमाबादच्या समृद्धीविषयी विधान करताना या शिल्पांचा आधार घेण्याचा मोह साहजिक आहे. पण ज्या वस्तूचा थर ज्ञात नाही, तिच्यावर समृद्धीचा, आणि पर्यायाने ऱ्हासाचा, सिद्धांत उभारणे युक्त नव्हे. पुढील विवेचन म्हणूनच थरांतून मिळालेल्या पुराव्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

६. वसाहतत्यागाची मीमांसा

या प्रश्नाचे सर्वांत व्यवस्थित उत्तर प्रवरेकाठी मिळत नाही. ते घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथील उत्खननातून पुढे आले. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात तेथे काम झाले व धवळीकर, सांकळिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इनामगावची वसाहत सुमारे ५ हेक्टरांची, म्हणजे दायमाबादच्या मानाने लहान. पण तिचे वैशिष्ट्य असे की इ. स. पू. १००० नंतरही ती टिकून राहिली व उत्तर जोर्वे या नावाने ओळखला जाणारा कालखंड तेथे सुमारे इ. स. पू. ७०० पर्यंत चालला.

ही तीनशे वर्षे सुस्थितीची नव्हती. पूर्वीच्या ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांची घडण निकृष्ट झाली, शेतीचा वाटा घटून शिकार व पशुपालन यांवरील भिस्त वाढली. डॉ. म. के. धवळीकर यांनी या सर्वांचे कारण हवामानात शोधले. त्यांच्या मते इ. स. पू. १००० च्या सुमारास पश्चिम भारताचे हवामान अधिक शुष्क झाले. प्रवरा व गोदावरीच्या खोऱ्यांतील लोकांनी गावे सोडली आणि इनामगावच्या लोकांनी अर्धभटके जीवन पत्करले.

हा सिद्धांत आकर्षक आहे, कारण तो अनेक गोष्टींचा एकदम उलगडा करतो. तथापि त्याविरुद्ध तीन आक्षेप विचारात घ्यावे लागतात.

पहिला आक्षेप भूगोलाचा. प्रवरा आणि घोड या दोन्ही नद्या सह्याद्रीतच उगम पावतात व दोन्ही पूर्वेस पर्जन्यछायेच्या प्रदेशात उतरतात. त्यांची खोरी जवळजवळ आहेत. अवर्षण आले असेल तर ते दोन्ही खोऱ्यांस सारखेच येणार. मग मोठे, तटबंद, कारागिरांनी गजबजलेले दायमाबाद आधी मोडावे आणि लहानसे इनामगाव तीनशे वर्षे तग धरून राहावे, हे केवळ पावसाने कसे समजावे?

दुसरा आक्षेप स्वतंत्र पुराव्याचा. हवामान बदलले हे वस्ती मोडली यावरून ठरवायचे, आणि वस्ती मोडली ती हवामान बदलले म्हणून असे सांगायचे, हा अन्योन्याश्रय दोष होय. तो टाळण्यास वस्तीबाहेरचा पुरावा हवा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळगाळाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसतात : एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा व दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दायमाबादचा अंत या दोहोंच्या मध्ये, सुमारे ३००० वर्षांपूर्वी, पडतो. उलट पहिल्या अवर्षणाच्या उत्तरार्धात दायमाबादला वस्ती सुरू झाली, आणि दुसऱ्याच्या बऱ्याच काळात महाराष्ट्रात गावे व राज्ये नांदत होती. एका सरोवराची नोंद अंतिम मानता येत नाही. पण ती धवळीकरांच्या सिद्धांतास सहज पोषक नाही, हे उघड आहे.

तिसरा आक्षेप अस्थींच्या अभ्यासातून आला. अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे व दायमाबाद येथील बालकांच्या सांगाड्यांची तपासणी करून २०११ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर जोर्वे काळातील बालकांची वाढ खुंटलेली होती, असे त्यांस आढळले. मात्र हवामानाच्या आकस्मिक बदलाचा पुरावा त्यांनी पुरेसा मानला नाही. मुळातच निमशुष्क असलेल्या प्रदेशात शेतीचा वाढता ताण व त्यातून ओढवलेली परिसराची हानी यांकडे त्यांचा रोख आहे. दोन रांजणांत पुरलेल्या त्या बालकांनी, ज्यांच्याविषयी एकही अक्षर लिहिले गेले नाही, आपल्या हाडांत दुष्काळाच्या तर्काहून अधिक नेमकी साक्ष जपून ठेवली आहे.

७. नदी आणि शेत यांमधील अंतर

या आक्षेपांनंतर प्रश्न असा उरतो : पाऊस मूलतः बदलला नसेल, तर वस्ती कशाने खचली? येथे प्रवरेच्या पात्राचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. संगमनेरपासून नेवाशापर्यंत नदीने आपल्याच जुन्या गाळात खोल पात्र खोदले आहे. काठाच्या उंच दरडींवर गाव व शेत, आणि खाली पाणी, अशी स्थिती. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या डोंगरातून येणारा लोंढा दरडींमधून निघून जातो व उन्हाळ्यात पात्र डोहांपुरते उरते. म्हणजे नदी डोळ्यांसमोर असूनही तिचे पाणी शेताला मिळत नाही. माणसांना व गुरांना ती तारते. पिकांचे भवितव्य मात्र वरच्या पावसावर व जमिनीच्या ओलीवरच राहते.

या दृष्टीने इनामगाव येथे आढळलेला बांध व पाण्याचा चर यांस विशेष अर्थ प्राप्त होतो. पुराचे पाणी वळवून साठविण्याची व्यवस्था तेथील समाजाने केली होती, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ती जोपर्यंत चालली तोपर्यंत जवाच्या पिकास आधार होता. दायमाबादसारख्या मोठ्या वसाहतीस धान्यही त्याच प्रमाणात लागत होते. तिचा विस्तार लहान गावाच्या चौपट असेल, तर एकाच परिसरातील जमिनीवर, सरपणावर व चराऊ रानावर पडणारा भारही तसाच वाढतो. अशा केंद्रास लागोपाठच्या दोन-तीन नापिकीही पेलत नाहीत. लहान व लवचीक वस्ती मात्र झोपडीत राहून, शिकार करून व गुरे हिंडवून तग धरते. मोठेपणा हेच दायमाबादचे दुबळेपण ठरले असावे, असे म्हणण्यास उपलब्ध पुरावा अनुकूल आहे. हे अनुमान होय, सिद्धांत नव्हे. परंतु प्रवरा व घोड या दोन खोऱ्यांतील भेद ते केवळ अवर्षणाच्या कल्पनेपेक्षा अधिक समाधानकारकपणे स्पष्ट करते.

८. धरणानंतरचे खोरे

नदी आणि शेत यांतील हे अंतर मिटण्यास विसावे शतक उजाडावे लागले. भंडारदरा येथे प्रवरेवर धरण बांधण्याचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी धरणाचे उद्घाटन मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले व त्यांचेच नाव त्यास देण्यात आले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी तेथे साठते. संगमनेरजवळील ओझर येथील बंधाऱ्यावरून निघणारे दोन कालवे ते मैदानातील काळ्या रानात पोचवतात. ज्या जमिनीत पूर्वी जव वा ज्वारी ओलीवर येई, तेथे ऊस उभा राहिला, आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना निघाला.

या परिवर्तनाचे दोन परिणाम इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने नोंदले पाहिजेत. अतिरिक्त पाण्यामुळे कालव्याखालच्या काही जमिनी खारवट व चोपण झाल्या. पाणी मिळाले म्हणजे प्रदेशाच्या मर्यादा नाहीशा होतात असे नव्हे; मर्यादांचे रूप तेवढे बदलते. जोर्वेकालीन शेतकऱ्यावर ओढवलेल्या संकटाचा विचार करताना हा जवळचा अनुभव अभ्यासकास पुस्तकी तर्काहून अधिक शिकवील.

दुसरा परिणाम अधिक तातडीचा आहे. बागायत जमिनीस मोल आल्यावर नदीकाठची पांढरीची टेकाडे सपाट होऊ लागली. पांढरीची माती शेतात खत म्हणून टाकण्याची व धाब्यावर पसरण्याची चाल जुनीच होती. यंत्रांनी तिचा वेग कित्येक पटींनी वाढविला. बैलगाडीने जी टेकाडे पिढ्यान्पिढ्या पुरली, ती आता काही दिवसांत नाहीशी होतात. त्यांच्याबरोबर घरांच्या जमिनी, धान्याचे जळके दाणे व रांजणांतील दफने, म्हणजे ज्या पुराव्याने वरील वादाचा निकाल लागायचा तो पुरावा, कायमचा जातो.

९. उपसंहार

दायमाबादचा प्रश्न मिटलेला नाही, पण तो कोणत्या दिशेने सोडवता येईल हे स्पष्ट झाले आहे. मोठ्या उत्खननांपेक्षा आज अधिक गरज आहे ती गावोगावच्या पाहणीची. अकोल्यापासून प्रवरासंगमापर्यंतच्या प्रत्येक शिवारातील पांढरीची नोंद, दप्तरातील बेचिराख गावांची यादी व जुन्या मोजणी-नकाशांशी तिची ताडणी, उघड्या पडलेल्या दरडींतील थरांचे चित्रण, आणि जळक्या धान्याचे पद्धतशीर संकलन ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. दायमाबादभोवतीच्या लहान वसाहती तिच्याबरोबरच मोडल्या की तिच्यानंतरही काही काळ नांदल्या, एवढे जरी या पाहणीतून ठरले, तरी मोठ्या केंद्राचा ऱ्हास आणि संपूर्ण प्रदेशाचा ऱ्हास यांतील भेद सांगता येईल. त्याखेरीज इ. स. पू. १००० च्या त्या ओसाडीस अवर्षण म्हणावे की समाजाने स्वतःवर ओढवून घेतलेला ताण म्हणावे, याचा निर्णय करता येणार नाही.